घरात तान्हे बाळ आणि फुटलेले हात

नाताळ सरला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात कोरडा वारा सुटतो. ऊसतोड चालू असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो, आणि ज्या घरात दोन-चार महिन्यांचे तान्हे आहे त्या घरातल्या बाईचे हात याच दिवसांत पाहवत नाहीत. बोटांची पेरे फुटलेली, अंगठ्याच्या टोकाला रक्ताची बारीक रेघ, मुठीवरची कातडी खवल्यासारखी सुटलेली. विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. अंगात उष्णता झाली. बाळंतपणात रक्त बिघडले. नाहीतर, बाईच्या जातीला हे चालायचेच.

आमचे म्हणणे असे की हे मुळीच चालायचे नाही, आणि यात उष्णतेचा काही संबंध नाही. हात फुटतात ते पाण्याने आणि साबणाने. त्यावर उपाय घरात आहे, स्वस्त आहे, पण तो वेळेवर करावा लागतो आणि घरातल्या सर्वांनी मिळून करावा लागतो. ही गोष्ट नुसत्या सौंदर्याची असती तर आम्ही तिच्यासाठी या पानावर एवढी जागा घेतली नसती. फुटलेला हात साबणाने झोंबतो, म्हणून बाई हात धुणे टाळू लागते. बाळोते बदलून हात नुसते पदराला पुसले जातात, आणि त्याच हाताने बाळाला घेतले जाते. तान्ह्याला हगवण लागते ती पुष्कळदा याच वाटेने. दुसरे असे की कातडीची भेग हे जंतूंना उघडे दार आहे. बोट सुजून पू झाला तर तो पू बाळाच्या कोवळ्या कातडीला आणि आईच्या स्तनालाही लागू शकतो.

पाण्याने हात कोरडा कसा होतो?

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दिवसभर हात पाण्यात, मग कोरडे कसे? आपल्या काळ्या जमिनीकडे पाहावे. पावसात ती भिजून फुगते, आणि ऊन पडले की वाळून आकसते व भेगाळते. एकदा भिजून एकदाच वाळली तर विशेष नाही, पण रोज भिजली आणि रोज वाळली तर तिची घडण मोडते. कातडीचेही तसेच आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो. मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थाचा गिलावा, अशी ही भिंत असते. आतला ओलावा आत आणि बाहेरची घाण बाहेर, हे काम हा गिलावा करतो. साबणाचे काम तेल-तूप सोडवण्याचे. ताटावरचे तूप कोणते आणि कातडीतला गिलावा कोणता, हा भेद साबणाला कळत नाही. तो दोन्ही नेतो. गिलावा गेला की विटा खिळखिळ्या होतात, आतले पाणी उडून जाते, कातडी ताठ होते, आणि मूठ वळली की जिथे घडी पडते तिथे ती फाटते.

दोन गोष्टी आणखी सांगतो. माती परीक्षणाच्या कागदावर जो पीएच लिहून येतो तो कातडीलाही असतो. निरोगी कातडी किंचित आंबट, म्हणजे पाचाच्या आसपास. अंगाचा साधा साबण नऊ-दहाच्या घरात, आणि धुण्याचा सोडा त्याहूनही वर. म्हणजे प्रत्येक धुण्याला आपण आंबट जमिनीवर चुना फेकतो. आणि तळहाताला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी मुळातच नाहीत. चेहरा साबणाने धुतला तर तासा-दोन तासांत पुन्हा तेलकट होतो. तळहात होत नाही. त्याला तेल बाहेरूनच द्यावे लागते.

आता हिशेब करा. तान्हे मूल दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पिते. तितक्याच वेळा, कधी अधिक, बाळोती बदलावी लागतात. प्रत्येक वेळी हात धुवायचे. त्यात बाळोत्यांचे धुणे, बाळाची आंघोळ, घरची भांडी, गोठ्याचे शेण, धार काढण्याआधी आणि नंतर हात धुणे. पंचवीस-तीस वेळा साबण सहज होतो. जर्मनीत कामगारांच्या संरक्षणाच्या नियमांत दिवसाला दोन तासांहून अधिक ओल्या हाताचे काम हे कातडीला धोक्याचे काम धरले जाते, आणि त्यासाठी मालकाला उपाय करावे लागतात. आमच्या घरातली बाळंतीण याहून जास्त वेळ पाण्यात असते, आणि तिला मालकही नाही व नियमही नाही.

तरी हात धुणे सोडू नये

हात फुटतात म्हणून साबण सोडा, असा सल्ला देणाऱ्या शहाण्या बायका गावोगाव आहेत. त्यांचे ऐकू नये. हात धुण्याने काय होते याचा पुरावा बाळंतिणींच्याच बाबतीत प्रथम मिळाला. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नात्स सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले की प्रेतांची चिरफाड करून थेट बाळंतिणींकडे येणारे डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागात होते, तिथे सूतिकाज्वराने फार बायका मरत. त्या वर्षी एप्रिलात शंभरातल्या अठरा मेल्या. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात, म्हणजे आपल्या विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरच्या जातीच्या पाण्यात, हात धुतल्याशिवाय कोणीही बाळंतिणीला शिवायचे नाही असा नियम घातला. दोन-तीन महिन्यांत मृत्यू शंभरी दोनपर्यंत, पुढे त्याहूनही खाली आले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. हात मात्र स्वच्छ होते.

तेव्हा बाळोते बदलल्यावर, शौचाहून आल्यावर, गोठ्यातून आल्यावर, फवारणीनंतर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी साबण हवाच. पण साबण हवा म्हणजे सोडा हवा असे नाही. भांड्यांची पावडर, कपड्यांची वडी, कोळशाची राख यांनी हात धुण्याची खोड काही घरांत असते, ती मोडावी. न्हाणीत हातासाठी अंगाच्या साबणाची वेगळी वडी ठेवावी, फार वास नसलेली. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने झोंबणाऱ्या हाताला घटकाभर बरे वाटते खरे, पण ते पाणी गिलावा आणखी वितळवून नेते. बोटांच्या बेचक्यांतला साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे आणि हात घासून नव्हे, तर टिपून कोरडे करावेत.

येथेच अंगठीची गोष्ट निघते. आमच्या भगिनी लग्नाची अंगठी बोटातून काढत नाहीत, आणि बाळंतपणानंतर बोटे सुजलेली असली तर ती निघतही नाही. अंगठीखाली साबणाचे पाणी साचून राहते आणि नेमके तिथेच वर्तुळाकार चट्टा उठतो. धुण्याच्या वेळी अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत अडकवावी. त्याने लग्नाचा संस्कार सैल होत नाही. कोणी बोलले तर आमचे नाव सांगावे.

हातमोज्यांबद्दल बोलायचे तर तेही एका बाईच्या फुटलेल्या हातांपायीच शस्त्रक्रियेत आले. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियागृहाची प्रमुख होती. जंतुनाशक म्हणून वापरायच्या पाऱ्याच्या क्षाराने तिचे हात इतके बिघडले की काम सोडायची वेळ आली. तिथले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे ते मोजे सर्वांच्याच हातात गेले, आणि १८९० साली त्या दोघांनी लग्न केले. आमच्या घरांत मात्र मोजे आणले तर "मोठी मडमीण लागून गेली" असे ऐकावे लागते. ऐकावे, आणि मोजे घालावेत. बाळोत्यांच्या व भांड्यांच्या धुण्याला रबरी मोजे, आणि आत पातळ सुती मोजे किंवा जुन्या बनियनच्या कापडाचे शिवलेले पंजे. रबराच्या आत घाम येतो, आणि घामानेही कातडी भिजते. म्हणून पंधरा-वीस मिनिटांहून जास्त एका वेळी घालू नयेत. भोक पडलेला मोजा टाकून द्यावा, कारण आत शिरलेले साबणाचे पाणी तिथेच कोंडून राहते आणि मोजा नसल्यापेक्षा वाईट होते. रबरानेच खाज सुटते असे काहींच्या बाबतीत होते, त्यांनी प्लॅस्टिकचे मोजे घ्यावेत.

काय लावावे, केव्हा लावावे

सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे आहे: हात धुऊन टिपल्यावर, ते किंचित ओलसर असतानाच तेलकट पदार्थ लावावा. तासाभराने कोरड्या ठणठणीत हाताला लावले तर निम्माही उपयोग होत नाही. ओल असलेल्या वाफ्यावर पाचट पसरले की ओल टिकते, वाळलेल्या वाफ्यावर पसरून काय होणार? तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी धरून ठेवते.

पदार्थ कोणता, यावर आमच्याकडे फार वाद नाही. पांढरे किंवा पिवळे साधे व्हॅसलिन सर्वांत खात्रीचे. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन माणसाने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि आजवर त्याला मागे टाकणारे फारसे काही निघालेले नाही. त्याला वास नाही, त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच होते, आणि बाळाच्या अंगाला लागले तरी चिंता नाही. घाटाखालच्या आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या घरांत कोकमतेल असते, त्यालाच भिरंडेल म्हणतात. त्याचा घट्ट गोळा उबेला पातळ होतो. पायाच्या भेगांना आपण ते लावतोच, हाताच्या भेगांनाही तितकेच चांगले. खोबरेल तेलही चालते, मात्र थंडीत ते गोठते म्हणून बायका आळस करतात. बाटली चुलीच्या उबेला ठेवावी. मोहरीचे तेल लावू नये. ते कातडीला झोंबते आणि तिची भिंत आणखी खिळखिळी करते. ज्यांच्याकडे मधमाश्यांचे मेण मिळते त्यांनी एक भाग मेण व चार भाग खोबरेल तेल गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवावे आणि डबीत ओतावे, चांगले घट्ट मलम होते. रंगीत किंवा वासाची मेणबत्ती मात्र वितळवू नये.

डब्या दोन ठेवाव्यात, एक न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आणि एक बाळाच्या पाळण्याजवळ. फडताळात ठेवलेली डबी कोणी उघडत नाही, हा आमचा अनुभव आहे. दिवसा वाटाण्याएवढे पुरते. रात्री शेवटचे पाजून झाले की हाताला भरपूर थापावे, भेगांत दाबून भरावे आणि वर जुने सुती पायमोजे चढवावेत. बाळ रात्री उठणार, मोजे काढावे लागणार, हे आम्हांला कळते. दोन तास जरी राहिले तरी सकाळी फरक दिसतो. असे आठ-दहा दिवस केले तर साध्या भेगा भरतात, पण कातडीची भिंत पूर्ण सावरायला त्याहून अधिक आठवडे लागतात. म्हणून भेग मिटली की डबी बंद करू नये.

काय लावू नये, हेही सांगायला हवे. चुना, हळद-चुना, तंबाखूचे पाणी, बॅटरीतले पाणी, रॉकेल, यांतले काहीही नको. बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, आणि तो हात बाळाला लागला तर बाळाचीही जाळते. सांधेदुखीचे कापूर-मेंथॉलचे बाम फुटलेल्या हाताला लावून बाळाला घेऊ नये. कापूर तान्ह्याला विषारी आहे, त्याने झटके येऊ शकतात.

आणि त्या ट्यूबा. औषधाच्या दुकानात "खाजेला काही द्या" म्हटले की पुढे सरकवतात त्या मलमांत पुष्कळदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड असते. चार दिवसांत हात छान दिसतो, म्हणून बाई ते महिनोन्‌महिने लावते. कातडी पातळ होते, सोडले की दुप्पट उसळते, आणि मुळात ते गजकर्ण असले तर आत पसरत जाते. बाळ आईची बोटे चोखते, हेही आहेच. डॉक्टरने तपासून काही दिवसांपुरते दिले तर ते औषध आहे, सांगितले तितके दिवस जरूर लावावे आणि बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. दुकानदाराने दिले तर ते औषध नव्हे.

शेतातल्या गोष्टी

बाळंतिणीला चाळीस दिवस घरात ठेवतात, पण पुढे सुगी थांबत नाही. हरभरा उपटताना पाल्यावरची आंब भेगांत शिरून आग होते. आंब आम्लाची असते, लगेच साध्या पाण्याने धुऊन तेल लावावे. मिरची खुडल्यावर मात्र आधी पाणी नको. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी खोबरेल चोळून पुसावे, मग साबण, आणि तोवर बाळाला हात लावू नये. उन्हाळ्यात चंदगड-खानापूरकडे काजूच्या बिया फोडतात, त्यांच्या टरफलातले तेल बिब्ब्याच्याच कुळातले. फोडणाऱ्या बायका हाताला एरंडेल आणि राख लावतात ते उगीच नव्हे. ज्यांचे हात आधीच फुटलेले आहेत त्यांनी तो हंगाम सोडावा हे बरे.

काँग्रेस गवताची गोष्ट वेगळी. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे हे ठळकपणे दिसू लागले आणि आज एकही बांध त्यावाचून नाही. ते उघड्या हाताने उपटणाऱ्याला हाताबरोबर मानेला, पापण्यांना, कोपराच्या खोबणीत खाज व चट्टे येतात. वाळलेल्या गवताच्या धुळीनेही येतात. असे असेल तर व्हॅसलिनने भागणार नाही, ते गवत आणि ती व्यक्ती यांची गाठ पडू देऊ नये.

फवारणीचे औषध भेगाळलेल्या हाताने हाताळणे हा जिवाशी खेळ आहे. अखंड कातडी काही प्रमाणात अडवते, फाटलेली अडवत नाही. पॅराक्वाट नावाचे तणनाशक फुटलेल्या कातडीतून अंगात जाऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. बाळंतिणीने फवारणीचे काम करूच नये, आणि फवारून आलेल्या बापाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय तान्ह्याला उचलू नये, मूल कितीही हात पुढे करो.

बापाचे नाव निघाले ते बरे झाले. वर सांगितलेली सगळी मलमे एका बाजूला, आणि दिवसातले दहा-बारा ओले हात दुसऱ्याने घेणे एका बाजूला. बाळोत्यांचे धुणे एका वेळेला बापाने करावे. त्याची कातडी जाड असते असे म्हणतात, मग तिचा उपयोग व्हावा. सासूबाईंनी भांडी किंवा बाळाची आंघोळ, दोहोंपैकी एक उचलावे. मळलेली बाळोती एकेक न धुता आधी झटकून साध्या पाण्यात बादलीत भिजत घालावीत (बादलीवर झाकण हवे, रांगते भावंड घरात असेल तर नक्कीच) आणि दिवसातून दोनदाच धुवावीत. त्यांतला साबण नीट खळबळून काढावा, राहिलेल्या साबणाने बाळाचे ढुंगणही लाल होते. दात काढणारी, घाबरलेली, झोप न झालेली पहिलटकरीण हे सगळे तोंडाने मागणार नाही. घरच्यांनी न विचारता करावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे? भेगेत पू किंवा मधाच्या रंगाची खपली आली, बोट सुजून ठणकू लागले, ताप आला किंवा मनगटाकडे लाल रेघ चढू लागली तर त्याच दिवशी. नखाच्या कडेला नखुरडे होऊन राहिले, तर तेही दाखवावे. एकाच तळहातावर कोरडेपणा असेल, किंवा गोल कडा असलेला चट्टा असेल, तर ते बुरशीचे असण्याचा संभव. बेचक्यांत रात्री फार खाज, आणि घरात दोघा-तिघांना खाज, म्हणजे खरूज. ती बाळालाही लागते, आणि घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावल्याशिवाय जात नाही. चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल तर लाज न धरता लगेच जावे, कुष्ठरोगावर आज औषध आहे आणि तो पूर्ण बरा होतो. सगळे अंगच कोरडे पडले, केस गळतात, थकवा उठू देत नाही, थंडी फार वाजते, तर रक्तातले थायरॉइड तपासून घ्यावे. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते मंद पडू शकते, आणि घरचे लोक त्याला आळस म्हणतात.

ज्यांना लहानपणी कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खोबणीत खाजरे चट्टे होते, किंवा घरात दमा आहे, त्यांचे हात इतरांच्या आधी फुटतात. अशा मुलीने भेगा पडण्याची वाट न पाहता सातव्या-आठव्या महिन्यापासूनच डबी न्हाणीच्या उंबऱ्याशी ठेवावी आणि रबरी मोजे बाळाच्या टोपड्या-झबल्यांबरोबरच आणून ठेवावेत.